लिटल थिसलवेलचं पाणी

जयाने साडीच्या घडीखालून दोन्ही पासपोर्ट पुन्हा काढले, पदराने पुसले आणि परत ठेवून दिले. खुडूक कोंबडीखालची अंडी बघावीत तशी ती रोज त्यांच्याकडे बघायची. पण अंड्यांतून काही बाहेर पडायचं लक्षण नव्हतं, कारण नवरा अडून बसला होता.

"लंडनला बोलाव म्हणावं, आत्ता येतो," धोंडिराम म्हणायचा. "गावात मी येणार नाही."

त्यांची लेक संघमित्रा डॉक्टर. दोन वर्षं झाली, इंग्लंडात लिटल थिसलवेल नावाच्या खेड्यात दवाखाना सांभाळत होती. साठेक घरं, एक चर्च, चर्चपेक्षा जास्त गर्दीचा एक दारूचा गुत्ता आणि चहूकडे मेंढरंच मेंढरं. जया चारकोपच्या शेजारणींना 'लंडनच्या जवळच' म्हणून सांगायची. जवळ म्हणजे चारकोपहून कोल्हापूर जवळ, तेवढंच. दोन वर्षांत तिने लेकीला फक्त काचेतून बघितलं होतं, आणि काचेतून पोरगी बारीक झाली की कॅमेरा, ते कळत नाही.

धोंडिरामचं वैर इंग्रजांशी नव्हतं, गावाशी होतं. त्याच्या आज्याने जन्मभर विहिरीपासून लांब उभं राहून वरून सोडलेलं पाणी ओंजळीत घेतलं. बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हणून सांगितलं, बापाने सोडलं, आणि धोंडिराम महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला झाला. त्याने पहाटे रस्त्यावरची ती लांबलचक लोखंडी चावी फिरवली की मग कुठे सेक्टरातल्या नळांना धार लागायची. रिटायर झाला तरी ऐट तीच.

"तीन पिढ्या घासल्या गावातून बाहेर पडायला," तो म्हणे, "आणि ही पोरगी सात समुद्र ओलांडून परत गावात!"

रविवारी संध्याकाळी इकडे चहा झाला आणि तिकडून फोन आला. तिकडे भर दुपार.

"जय भीम, पप्पा! झकास ऊन पडलंय. थांबा, गाव दाखवते."

"आधी सांग मितू, तुझं घर गावाच्या कुठल्या टोकाला?"

"शेवटचं. पुलाच्या पलीकडे."

"ओढ्याच्या वरच्या अंगाला का खालच्या?"

"खालच्या."

धोंडिरामने जयाकडे बघितलं. "गावकुसाबाहेर. बोल आता."

"पप्पा, गावात सगळ्यात जास्त भाडं तिथे आहे यार! व्ह्यू आहे."

"आमच्या आज्यालाही व्ह्यूच होता."

जयाला हसूही आलं आणि रागही. "अहो, पुरे की! पोरीला जेवलीस का विचारा."

"विहीर आहे का तुझ्या गावात?" धोंडिरामने विचारलं.

मितूने फोन फिरवला. हिरव्यागार मैदानात दगडी विहीर, वर छोटंसं छप्पर, आणि कठड्यापासून खांबापर्यंत नुसती फुलंच फुलं. "आज विहिरीचा सण आहे पप्पा. वर्षातून एकदा सजवतात."

"फुलं काय, देवालाही घालतात. आत कोणाला सोडतात? जा, स्वतःच्या हाताने पाणी काढ आणि माझ्यासमोर पी. मग बघू."

"काय सीन करताय, पप्पा!"

"भ्यालीस?"

बापाचीच लेक ती. तिने फोन कठड्याला टेकवला, करकर करत रहाट फिरवला, बादली वर ओढली आणि ओंजळ भरली.

"नो! नो, डिअर, नो!"

मैदानापलीकडून एक गोलमटोल म्हातारी दोन्ही हात हलवत धावत आली. टोपी एकीकडे, फुलांची परडी दुसरीकडे. तिने मितूच्या हातावर चापटच मारली. सगळं पाणी सांडलं.

धोंडिराम ताडकन उठला. "बघितलंस जया? शेवटी गाव ते गाव!"

जया मनात म्हणाली, गेले, पासपोर्ट गेले.

पण तिकडे मितू पोट धरून हसत होती. "पप्पा, ऐका तर! ह्या डोरीनबाई. म्हणतात, मागच्या महिन्यात ह्यात मेंढी पडून मेली. कोणीच पीत नाही. पिऊ नका अशी पाटीसुद्धा आहे, ह्यांनीच सजवताना फुलांखाली झाकली!"

"मेंढी?" धोंडिराम खाली बसला. "मग उपसा केला का नाही? पावडर टाकली?"

डोरीनबाईंना अपराधी वाटत असावं. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात चहा ओतून मितूला दिला. मितूने दोन घोट घेतले तोच कठड्यावरचा फोन घसरला. तो सावरायला तिने झाकण डोरीनबाईंच्या हातात दिलं. डोरीनबाई मेंढीची कर्मकहाणी सांगण्यात गुंग, बोलता बोलता उरलेला चहा त्यांनीच पिऊन टाकला, ओठ पुसले आणि पुन्हा तेच झाकण भरून मितूपुढे धरलं.

तिकडे कोणाच्याच काही लक्षात आलं नाही. चारकोपमध्ये दोघांच्याही आलं.

"उष्टा होता," धोंडिराम हळूच म्हणाला.

"होता," जया म्हणाली.

"हॅलो? पप्पा, आवाज येतोय का?"

धोंडिरामने उगीच चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाला, "त्या बाईला सांग, मेंढी पडलेली विहीर फुलं घालून साफ होत नाही. उपसावी लागते. माणूस येतोय म्हणावं."

"कोण माणूस?"

उत्तर ऐकायला जया तिथे थांबलीच नाही. ती स्टुलावर चढून माळ्यावरची मोठी बॅग खेचत होती, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "जया, विमानात ब्लीचिंग पावडर नेऊ देतात का गं?"