बायनाबाईची तहान

“हॅलो, हॅलो. टँकर आला. हंडे घेऊन लाइनीत उभं राहा. गडबड करू नका.”

तव्यावरची भाकरी तशीच टाकून जानकीबाई उठली. तिच्या मागं आणखी चार-पाच बायका हंडे घेऊन चारा छावणीच्या फाटकाकडं पळाल्या. फाटकाबाहेर रस्ता मोकळा होता. टँकर नव्हता, धूळसुद्धा नव्हती. भोंगा खांबावर गप्प होता.

बैलांच्या दावणीजवळ सात वर्षांची शिवकन्या उभी होती. नजर वरच्या ताडपत्रीकडं. पुन्हा तिनं तोंडाजवळ मूठ धरली आणि छावणी चालवणाऱ्या दूध संस्थेचा सुग्रीव भोंग्यावर पुकारायचा त्याच चालीत, त्याच्या खाकरण्यासकट, सगळं पहिल्यापासून म्हटलं.

“बायना, हिचं तोंड धर की!” जानकीबाई परत येत ओरडली. “माही भाकर करपली.”

बायनाबाई तोवर पेला भरून आली होती. पोरगी एका दमात पाणी प्याली.

“तहान लागलती तिला.”

“मग पानी म्हनावं ना! एवढा भोंगा पाठ हाय अन् पानी म्हनता येत न्हाई व्हय?”

नातीचं बोलणं बायनाबाईला कळायचं, एवढंच. भोंगा म्हणजे पाणी. एसटीच्या कंडक्टरचं ‘उतरा, उतरा, युसूफ वडगाव’ म्हणजे आता इथून निघायचं. मुलगा बंकट आणि सून उसाच्या तोडीला गेले होते. मागच्या हंगामात पोर त्यांच्यासोबत गेली आणि उसाच्या फडात हरवली. सगळी टोळी नावानं हाका मारत फिरली. ती दोन सऱ्यांपलीकडंच बसली होती, पण तिनं ओ दिली नाही. यंदा तिला आजीजवळ ठेवलं.

संध्याकाळी सुग्रीव आला. माणूस वाईट नव्हता. उभ्या उभ्याच बोलला.

“बायनामावशी, आज त्या पळापळीत एक बाई पडली. उद्या कोनाचा हातपाय मोडला तर संस्थेवर यील. पोरगी गप ऱ्हात असंल तर ऱ्हा, न्हाईतर बैल सोडून घेऊन जा.”

“कुठं नेऊ बाबा? गावात काडी न्हाई.”

“ते मला कळतंय. पन मलाबी वर सांगावं लागतं.”

छावणीतून निघालेले बैल त्या वर्षी बाजाराच्याच रस्त्याला लागत. बैल गेले की बंकटचा पुढचा पेरा गेला. पण बायनाबाईला रात्री झोप लागली नाही ती बैलांपायी नव्हे. आपण पडलो, उठलोच नाही, तर या पोरीच्या भोंग्याचा अर्थ कोणाला कळणार, हे तिच्या मनात आलं होतं.

मग तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आठवल्या. दिवाळीआधी बंकट पोरीला आणि तिला तिकडं घेऊन गेला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, “आजी, तुम्हाला माझं बोलणं ऐकू येतं आणि पंख्याचा आवाज मागं राहतो. हिच्या कानात दोन्ही सारखेच शिरतात. म्हणून जवळ बसून, हळू बोला. आणि ही शब्द सुटे सुटे उचलत नाही. अख्खं वाक्य उचलते, ज्या वेळी ऐकलं त्या वेळेसकट. तुम्ही ‘पाणी पाहिजे का’ विचाराल, तर तहान लागल्यावर तीही ‘पाणी पाहिजे का’च म्हणेल. विचारू नका. तिनं जे म्हणायला हवं, ते तिच्या वतीनं तुम्हीच म्हणा.”

तेव्हा बायनाबाईला हसू आलं होतं. दुसऱ्याची तहान आपण कशी सांगायची? पण सकाळी ती शिवकन्येच्या शेजारी, तोंडाकडं न बघता बसली, आणि पेला देता देता म्हणाली, “मला तहान लागली.”

दिवसभर ती हेच म्हणत राहिली. कडबा कुट्टीचं यंत्र बंद असेल तेव्हा म्हणायची, म्हणजे आवाज त्यात बुडणार नाही.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या दावणीची छबुबाई तांब्या घेऊन आली. ती गावाबाहेरच्या वस्तीवरची. येता-जाता मान हलवण्यापलीकडं ओळख नव्हती.

“घ्या मावशी. सकाळपासून तहान-तहान करायलात.”

“नको नको, मला न्हाई—”

छबुबाईचा हात तिथंच थांबला. चेहरा बदलला. “असू द्या,” ती म्हणाली. “आमच्या हातचं तुमाला कसं चालंल?”

पोरीचं, डॉक्टरबाईंचं सगळं सांगायला हवं होतं, पण तेवढ्यात छबुबाई वळलीही असती. बायनाबाईनं दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि तहान नसताना शेवटच्या घोटापर्यंत पाणी प्याली.

“अवो, हळू,” छबुबाई हसली. “ठसका लागंल.”

मग बायनाबाईनं सांगितलं.

“म्हंजी पोरीसाठी तुमी तहानल्या?”

“व्हय बाई.”

जानकीबाईनं लांबून टोमणा मारला, “आमीबी उद्या म्हनतो, आमाला पुरनपोळी लागली!” सगळ्या हसल्या. बायनाबाईही हसली, पण थांबली नाही.

शिवकन्या काही म्हणत नव्हती. आता भोंगाही म्हणत नव्हती. ते बायनाबाईला जास्त टोचत होतं. असलेलं बोलणंही आपण घालवलं की काय?

होळी झाल्यावर एका दुपारी ती चाऱ्याच्या रांगेत होती. पेंढी घेऊन परतली तर पोर दावणीजवळ नव्हती. पेंढी टाकून ती बैलांमधून वाट काढत निघाली. हाक मारून उपयोग नव्हता.

“मला तहान लागली.”

बायनाबाई जागीच थबकली. पलीकडं छबुबाई शेण भरता भरता चमकून मागं बघत होती. ती बायनाबाईला शोधत होती, कारण आवाज बायनाबाईचा होता. तिथं फक्त शिवकन्या होती, नजर ताडपत्रीकडं. तिनं पुन्हा म्हटलं. तोच थकलेला सूर, मध्ये लागलेला दम, शेवटी “आई गं” असा सुस्कारा.

छबुबाईनं घाईघाईनं हात पुसले, हंडा तिरका केला आणि तळाचं पाणी पेल्यात ओतलं.

बायनाबाई पुढं गेली नाही. आपला आवाज एवढा म्हातारा झाला आहे, हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. बैलाच्या पाठीवर हात टेकून ती उभी राहिली आणि पोरीचं पाणी पिऊन होईपर्यंत श्वाससुद्धा हळू घेत राहिली.