दीड गोळी

आक्कांनी उभ्या जन्मात कुणाच्या हातचं काही डोळे मिटून घेतलं नव्हतं. दूध बोटाला लावून बघायचं, कापड उलटं करून बघायचं, भाजी घेताना वरची बाजूला सारून तळातली उपसायची. मग सुनेच्या हातची गोळी तेवढी मुकाट गिळायची? का? ती नर्स आहे म्हणून? अहो, उलट म्हणूनच जपायला हवं. दुसऱ्या कुणाला आपलं वाईट करायचं तर सामान शोधत फिरावं लागेल, हिच्या हातात ते वेष्टनासकट येतं.

आक्कांच्या पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टरांनी समोर बसवून बजावलं होतं, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची. गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर पुढचं आमच्या हातात नाही. आक्कांना मरायची मुळीच घाई नव्हती. गोळीशी त्यांचं भांडण नव्हतंच. ज्या हातातून ती यायची, त्या हाताशी होतं.

त्यालाही कारण होतं. मुलाने लग्न ठरवलं तेव्हा आक्का चारचौघांत बोलून गेल्या होत्या, "लोकांची भांडी उचलणारी आणतोस होय घरात?" आणि ती भांडी जेवणाची नव्हेत, हे सगळ्यांना कळलं होतं. सुनेनं तेव्हा हूं की चूं केलं नाही. आता, जी बाई उलटून बोलत नाही ती मनात मांडून ठेवते, हे आक्कांना दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. त्या स्वतः सून होत्याच की कधीतरी.

सुरुवातीला रोज एक गोळी होती. आठवडाभर आक्कांनी ती घेतली. मग एका सकाळी दात घासताना हिरडीतून रक्त आलं.

"एवढं तेवढं येतं कधीकधी," सून म्हणाली. "वाढलं तर मात्र लगेच सांगा."

एवढं तेवढं! रक्त काय हिच्या बापाचं होतं? त्या दिवसापासून गोळी जिभेखाली जाऊ लागली. सुनेची पाठ वळली की रुमालात, आणि रुमालातून बेसिनमध्ये.

पुढच्या वेळी रक्त तपासून आलं आणि एकाची दीड गोळी झाली. सून छोट्या कातरीत गोळी धरून अर्धी करायची आणि उरलेली अर्धी डबीत ठेवायची. आक्का म्हणाल्या, बघा, पाणी मुरतंय ते इथंच. औषध लागू पडत असेल तर वाढवतील कशाला? आणि ही राखून ठेवलेली अर्धी कुणाच्या नशिबात?

त्यातच एकदा सून स्वयंपाकघरात दार लोटून फोनवर बोलत होती, ते आक्कांच्या कानी आलं. "मी माझं केलंय, तू तुझं कर. आधी मला सांगू नकोस. दोघींचं एक आलं की आज देऊन टाकते. नाही गं, त्यांना कशाला सांगू? घाबरतील उगाच."

आक्कांनी ताबडतोब लेकीला फोन लावला.

"आई, तुझ्या त्या खुनाच्या मालिका बंद कर आधी," लेक म्हणाली. "विषच घालायचं तर माणूस अर्ध्या गोळीचा हिशेब करेल का?"

"करेल की. हळूहळू घालायचं असेल तर करेल."

"बरं, गोळ्या घेतेस ना पण?"

"घेते की! न घ्यायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पुन्हा रक्त तपासून आलं त्या दिवशी सून संध्याकाळी वाटी घेऊन आली. वाटीत दोन गोळ्या होत्या. तिने वाटी टेबलावर ठेवली आणि नेहमीसारखी उभी न राहता खुर्ची ओढून बसली.

"आक्का, एक विचारायचंय."

"विचार. तुझंच राज्य आहे."

"आमच्या वॉर्डात ही गोळी कुणी एकटी देत नाही. एक नर्स हिशेब करते, दुसरी तिचा न बघता पुन्हा करते. दोघींचं जुळलं तरच पेशंटला मिळते. घरी दुसरी नर्स नाही, म्हणून मी मैत्रिणीला फोन करते."

डाव रचणारी बाई डाव असा तोंडावर सांगत नसते, आक्कांच्या मनात आलं. की सांगते? हल्लीच्यांचा काय भरवसा!

"मग? जुळलं नाही का तुमचं?"

"आमचं जुळतंय. तुमचं जुळत नाही. पहिल्या आठवड्यात एका गोळीनेच हिरडीतून रक्त आलं. आता दीड देऊनही रक्त दाटच. डॉक्टर दोन द्या म्हणाले. पण तुमच्या वजनाला, तुमच्या वयाला दोन? मला बसत नाही हा हिशेब."

"डॉक्टर चुकले असतील."

"असतील. मीही चुकले असेन. नाहीतर गोळी पोटात जात नसेल."

आक्का खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"मी चोरी पकडायला नाही आले. आजवरच्या गोळ्या पोटात गेल्या असतील, तर या दोन द्यायलाच हव्यात, नाहीतर गुठळी वाढेल. गेल्या नसतील आणि आता रोज या दोन गेल्या, तर आत कुठेतरी रक्त फुटेल आणि कुणाला कळणारही नाही. हिशेबातला एक आकडा तुमच्याकडे आहे, आक्का. तो नसला तर मला देता येत नाही, आणि ठेवून देताही येत नाही."

घ्या म्हणाली असती तर आक्कांना संशय घेता आला असता. घेऊ नका म्हणाली असती तरी घेता आला असता. ही तर वाटी मध्ये ठेवून हात मांडीवर घेऊन बसली होती. आक्कांनी ते हात नीट निरखले. उद्या आपलं बरंवाईट झालं तर जग बोट कुणाकडे दाखवेल? नर्स सुनेकडेच. नोकरीही जाईल, नावही जाईल. आपल्या मरणात हिचा फायदा कुठे होता? सगळा तोटाच. हे आधी कसं सुचलं नाही?

"एकच दे," आक्का म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? शिकलेली ना तू? पहिल्यासारखी एकच दे म्हटलं."

सुनेनं डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला आणि तिथेच बसून डॉक्टरांना फोन लावला. "सर, दोन नकोत. मधल्या गोळ्या पोटात गेल्याच नव्हत्या... हो, आत्ताच कळलं... नाही सर, चूक माझीच. गोळी गिळल्याची खात्री मी करून घ्यायला हवी होती."

आक्कांचं टाळकंच सरकलं. आपली चूक हिने उचलायची आणि जन्मभर मोठेपणा मिरवायचा? असले उपकार आक्कांनी सख्ख्या बहिणीचे घेतले नव्हते.

"आण इकडे तो फोन. डॉक्टर, मी बोलतेय. गोळ्या मी थुंकत होते, मी! हिचा काही संबंध नाही. हिला एक शब्द बोललात तर माझ्याशी गाठ आहे."

डॉक्टर काय म्हणाले ते आक्कांनी ऐकून घेतलं नाही, फोन सुनेच्या हातात कोंबला. एकच गोळी आणि काही दिवसांनी पुन्हा तपासणी, असं ठरलं. सुनेनं एक गोळी परत डबीत टाकली, दुसरी पाण्याच्या ग्लासाबरोबर पुढे केली. आक्कांनी ती तोंडात टाकली, वरून पाणी प्यायल्या.

"जीभ उचला," सून म्हणाली.

"काय?"

"जीभ. वर करा, बघू दे."

"अगं भवाने! सासूचं तोंड तपासतेस?"

"गालातही बघणार आहे. आ करा."

आक्कांनी आ केला. सुनेनं वाकून आत पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, तेवढ्यानं समाधान होईना म्हणून रुमालही झटकून पाहिला.

"रोज असंच करणार का?"

"रोज. तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही."

आक्कांनी पदराने ओठ टिपले. इतकी संशयी बाई हिशेबात चुकायची नाही, हे त्यांना अगदी मनापासून पटलं.