दोन पांढऱ्या ट्यूब

आई म्हणाली, "हे झाड वाळलं, की मी पहूरले चालली. मग मले थांबवू नको."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन सहा महिने झाले होते. गावचं, पहूरचं घर बंद करून आईला शहरात, पिंप्राळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं, तेव्हा तिने सोबत दोनच गोष्टी घेतल्या: कपड्यांची पेटी आणि आबांनी लावलेला कुंडीतला कढीपत्ता. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. भर दुपारी भाजी निवडायलाही दिवा लागतो. कढीपत्त्याला ते काही मानवलं नाही. आई रोज सकाळी पिवळी पानं वेचून पदरात टाकायची. डाव्या डोळ्याने अधू झालेली माझी आई त्या बंद घरात एकटी राहणार, हे मला होऊ द्यायचं नव्हतं.

मी विम्याच्या ऑफिसात आहे. हितेंद्र वाचल्याशिवाय काही घेत नाही, असा माझा लौकिक. आठ दिवस मोबाईलवर झाडांचे दिवे पाहिले. जो तो सांगत होता, झाडाला जांभळा उजेड लागतो. नूतन, माझी बायको, मागून डोकावली. "अहो, मी काय म्हणते..."

"तू राहू दे. यात टेक्निकल भानगडी आहेत," मी म्हणालो. ती पोळ्या लाटायला गेली.

अठराशे रुपयांचा दिवा आला. खोक्यावर लिहिलं होतं, हजार वॉट. रात्री जेवायच्या वेळी तो लावला. भिंती जांभळ्या, आईचं पातळ जांभळं, ताटातलं वरणही जांभळं. "अशा उजेडात माणूस जेवते का?" म्हणत आई ताटावरून उठली. पंधरा दिवसांत झाडावर सात पानं उरली. एका रविवारी सकाळी आईने पलंगाखालची पेटी बाहेर ओढली, तेव्हा मी खरोखर हादरलो.

नूतनने चष्मा लावून त्या दिव्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली. "खोक्यावर हजार. खातो पंधरा."

मी दिवा तिच्या हातातून ओढून घेतला. पंधराच वॉट. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. ती चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानातून वीस-वीस वॉटच्या दोन साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब घेऊन आली, पाचशेच्या आत. फळीखाली बांधल्या, झाडाच्या शेंड्यापासून वीतभर वर. "सकाळी सहाला लावायच्या, रात्री आठला बंद. झाडालाही झोप लागते. आणि आई, पाणी कमी घाला. उजेड कमी असला की पाणी साचून मुळं कुजतात."

मला हसू आलं. "या तर स्वयंपाकघरातल्या ट्यूब. यावर झाड वाढतं, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? अकरा वर्षं तेच करते मी."

नूतन केळीची रोपं तयार करणाऱ्या कंपनीत जाते, सातची बस पकडते, एवढं मला ठाऊक होतं. रोपं खोक्यांत भरत असेल, असं मी धरून चाललो होतो. आता ती सांगू लागली. खिडकी नसलेली मोठी खोली, मांडण्यांवर काचेच्या बाटल्या, बाटलीत केळीची बोटभर उंचीची रोपं आणि डोक्यावर पांढऱ्या ट्यूब. ती कोंब कापून बाटलीत लावते. कुठल्या मांडणीला उजेड कमी पडतो, ते तिला पानाच्या रंगावरून कळतं. त्या खोलीतल्या तीस बायकांची ती प्रमुख आहे.

"प्रमुख? कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारायचे, बस वेळेवर मिळाली का. त्याचं उत्तर रोज दिलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर निदान भांडता आलं असतं. मी आईकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"काखेत कळसा नि गावाले वळसा," आई म्हणाली. "तुझ्या आबांनी शेवटची केळी लावली ना, ती रोपं हिच्याच खोलीतली. आबा सोता जाऊन पाहून आले होते. गावभर सांगत फिरले. तुलेबी फोन केला होता."

तो फोन मला आठवला. "नूतनची खोली पाहिली रे हितू," एवढं आबा म्हणाले होते. मी म्हणालो होतो, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू. ते नंतर कधी आलंच नाही. मला माझीच लाज वाटली, आणि ती आबा असतानाच वाटायला हवी होती, हे कळून जास्तच.

पुढे तीन आठवड्यांनी सोमवारी सकाळी कढीपत्त्याच्या शेंड्याला तांबूस कोंब दिसला. आई त्याला हात लावून आली. पेटी मात्र अजून पलंगाबाहेरच होती.

संध्याकाळी नूतन दारात चपला काढत होती. एवढे दिवस जिभेवर येऊन परत जाणारं मी शेवटी विचारलं. "आज किती बाटल्या लावल्या?"

ती एक चप्पल पायात ठेवून तशीच उभी राहिली. माझ्याकडे बघत राहिली, जणू घर चुकलं होतं. मग आत वळून म्हणाली, "आई, ऐकलं का?"

आतून पेटी पलंगाखाली सरकवल्याचा आवाज आला.