धूर ओढणारी बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, एका मोडक्या तराजूशेजारी पडून असते. आयुष्यभर मी एकच काम केलं. सिगारेट ओढली. हसू नका, तुम्ही ओढू नये म्हणून मी ओढली.

मला शास्त्राच्या सरांनी घडवलं. त्यांचे वडील सिगारेटपायी खोकून खोकून गेले, तेव्हापासून सरांनी या व्यसनाविरुद्ध कंबर कसली होती. माझ्या बुचाला त्यांनी दोन भोकं पाडली. एकात सिगारेट बसेल अशी नळी घातली, दुसऱ्यात रबरी पंप, आणि पोटात पांढराशुभ्र कापूस. पंप दाबून सोडला की धूर आत यायचा आणि पाच मिनिटांत कापूस काळपट पिवळा पडायचा. "हे तुमचं फुप्फुस!" असं सर म्हणाले की वर्ग चिडीचूप व्हायचा. प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. पोरं मला 'धूरमावशी' म्हणायची. खरं सांगते, मला त्याचाही अभिमान वाटायचा.

सरांना एकच मुलगी. लहानपणी शाळा सुटली की ती इथे येऊन बसायची, कापसाचे बोळे करून द्यायची. "बाबा, हिला ठसका नाही का लागत?" असं विचारून माझी पाठ चोळायची. माझी अशी विचारपूस पुन्हा कोणी केली नाही.

ती नववीत गेली आणि बिनसलं. "सरांची पोरगी आली, गप्प बसा," म्हणत वर्गातल्या मुली तिला टाळू लागल्या. एका दुपारी ती आली आणि म्हणाली, "बाबा, माझ्याशी वर्गात कोणीच बोलत नाही." दुसऱ्या दिवशी प्रयोग होता, सर माझा कापूस बदलत होते. मान वर न करता म्हणाले, "अगं, अभ्यासात लक्ष घाल, आपोआप बोलतील. हे बूच धर जरा." तिने थोडा वेळ बूच धरलं. मग ते टेबलावर ठेवून निघून गेली.

प्रयोगाला सिगारेट एकच लागते, पण सर पाकीट अख्खं आणत. उरलेल्या सिगारेटी माझ्याच शेजारी ठेवत. त्यांना स्वतःला कधी ओढावीशी वाटली नाही, म्हणून कपाटाला कुलूप लावायचं सुचलंच नाही. आठवड्याभराने मधल्या सुट्टीत तिने ते पाकीट उचललं. वर्गातल्या तिघी दाराशी उभ्या होत्या. कित्येक महिन्यांनी तिला कोणीतरी "चल ना गं" म्हणालं होतं. मी सगळं पाहिलं, पण काचेला कुठे बोलता येतं?

सरांना कळलं तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिला भर वर्गात उभं केलं, माझ्या पोटातला घाण कापूस चिमट्याने काढला आणि तिच्या नाकासमोर धरला. "बघ! नीट बघ! आजोबांचं असंच झालं होतं!" वर्ग फिदीफिदी हसला. त्या तिघीही हसल्या. तिने डोळ्यातून टिपूस काढलं नाही. तोवर लपून ओढायची, ती आता उघड ओढू लागली आणि बापाशी बोलेनाशी झाली. सरांनीही मग मला हात लावला नाही.

सर निवृत्त झाले, त्या दिवशी सामान न्यायला ती आली होती. आता ती नोकरी करते. जिना चढून आली, तेव्हा दाराला टेकून दम खात होती. खोकी भरून झाल्यावर म्हणाली, "मी जरा बाहेर जाऊन येते." कशाला, ते दोघांनाही ठाऊक होतं. सर उठले. "मी येऊ का गं? नुसता उभा राहीन शेजारी. काही बोलणार नाही."

ती थांबली. "आता कशाला, बाबा?" रागाने नाही, थकून म्हणाली. आणि गेली.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी एकटं पडलं असेल, तर पाकीटवाल्यांच्या आधी तुम्ही त्याच्याजवळ जा. घरातल्या मोठ्यांनाही सांगा, पोर काही सांगायला आलं तर हातातलं काम खाली ठेवा. मी कितीही काळी पडले असते, तरी ते काम माझ्याच्याने झालं नसतं. सर भाबडेपणाने माझ्यावर विसंबून राहिले.

जाताना ते मला इथेच ठेवून गेले. बरंच केलं. त्या घरात माझं काय काम?