तापलेला मका

मका कोठीत भरला आणि तिसऱ्या दिवशी तिचा नवरा गेला. अंगणात ट्रॅक्टर पुसता पुसता खाली बसला, तो उठलाच नाही. दाणे जरा ओलेच होते. पाऊस अंगावर आला म्हणून घाईघाईने भरलेले. पंधरा दिवस पंखा चालू ठेवला की सुकतील, असं तो म्हणाला होता. कोठी म्हणजे घरामागचं पत्र्याचं उंच गोल पिंप, बुडाशी भला मोठा पंखा. माणसं भेटायला येऊ लागली तेव्हा पंख्याच्या घरघरीत कुणाचं बोलणं ऐकू येईना. तिने जाऊन बटण बंद केलं. ते तसंच राहून गेलं.

पुढचे दोन महिने तिने सगळं केलं. गाईंच्या धारा काढल्या, कागदांवर सह्या केल्या, त्याचे शर्ट घड्या घालून ठेवले. रडू काही आलं नाही. धाकटी जाऊ म्हणायची, मन मोकळं करा. ती हो म्हणायची आणि भांडी घासायला घ्यायची.

थंडी कडक पडली तेव्हा एका सकाळी दीर लांब सळई घेऊन आला. भावाच्या माघारी कोठी त्यानेच बघायची होती, पण त्याचाही पाय तिकडे वळला नव्हता. वरच्या झाकणातून त्याने सळई खोल खुपसली, काही वेळाने ओढून काढली आणि तिच्या हातात दिली. बाहेर बोटं गारठत होती आणि सळई चांगली ऊन लागत होती. ओला मका आतून तापला होता, आंबूस वास येत होता. वर दाण्यांची जाड खपली धरली होती.

दीर फावडं घेऊन आत उतरायला निघाला. खपली फोडली की मका मोकळा होईल म्हणाला. खाली पोकळी असली तर माणूस दाण्यांत गाडला जातो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिने त्याची बाही धरली. "भावजी, आत जायचं नाही. खालचं दार उघडा."

"दोन दिवस जातील, वहिनी."

"जाऊ देत."

दोन दिवस दीर, जाऊ आणि ती फावड्याने मका ओढून शेडमध्ये पसरत राहिली. काळा पडलेला जनावरांनाही घालण्याजोगा नव्हता, तो वेगळा टाकला. दुसऱ्या दुपारी, कुणी काही विचारलेलं नसताना, ती म्हणाली, "पंखा मी बंद केला होता."

दीर फावड्यावर रेलला. "माणसं गेल्यावर त्या संध्याकाळी मी तो परत लावायला बटणापाशी गेलो होतो. हात लावून परत आलो. दादाने लावलेला होता ना तो."

तिने पुन्हा मका ओढायला घेतला.

तिसरा हिस्सा मका वाया गेला. उरलेला परत भरला, पंखा लावला, आठवड्यातून दोनदा सळई घालायची असं ठरलं, वार वाटून घेतले. त्या संध्याकाळी जावेने तिला जेवायला थांबवलं. ती पोटभर जेवली, छान झालंय म्हणाली, पुन्हा वाढून घेतलं. घराकडे चालताना काय खाल्लं ते तिने आठवून पाहिलं. आठवेना.