तीन दुमडींचा फ्रॉक

खटखट बंद झाली म्हणून मी मेले असं कुणी समजू नये. मी पायाने चालवायची शिलाई मशीन आहे आणि मिशनच्या घरातल्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, अंगावर जुनी चादर घेऊन बसले आहे. चाक गंजलंय, पट्टा सैल पडलाय. आठवणी तेवढ्या गंजत नाहीत, हीच पंचाईत आहे.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंड ओतलं, काळा रंग दिला, वर सोनेरी वेलबुट्टी काढली. त्या वेलबुट्टीने माझ्या डोक्यात जी हवा गेली ती बरीच वर्षं उतरली नाही. एका आईबापांनी मला लेकीच्या लग्नात दिलं. मला वाटलं, आता सुखवस्तू घरात पडदे शिवत बसायचं. पण जावई निघाला मिशनरी. नव्या नवरीच्या लग्नाच्या पोशाखाची घडी घालायच्या आत मला गवतात गुंडाळून पेटीत घातलं, आणि पेटी उघडली ती समुद्रापलीकडे, परक्या मुलखात.

तिथे नवऱ्याला लोक पाद्रीबाबा म्हणू लागले आणि नवरीला बाई. पाद्रीबाबा भला माणूस. कुणाच्या घरी आजारपण आहे म्हटलं की ताटावरून उठून जाणार. स्वतःच्या घरात कोण रुसलंय, कोण रडलंय, हे मात्र त्यांना दुसऱ्यांनी सांगावं लागे. पुढच्या खोलीत त्यांची प्रार्थना चाले, मागच्या खोलीत बाईंचा शिवणवर्ग. आजूबाजूच्या बायका आपापल्या मुली घेऊन येत, आणि काज, तुरपाई, काखेतली जोड शिकत.

बाईंना पहिली मुलगी याच घरात झाली. तिचं बालपण माझ्या पाय मारायच्या पायट्यामागे गेलं. चिंध्या गोळा करायच्या, बाहुल्या करायच्या आणि आईच्या पायाला टेकून झोपायचं. बाई उठल्या की ही उठली, बाई बसल्या की ही बसली. पाद्रीबाबा हसून म्हणायचे, "सुई जाईल तिकडे दोरा." तेच नाव पडलं. सगळे तिला दोराच म्हणू लागले.

दोरा शाळेच्या वयाची झाली आणि घराची चव गेली. मिशनच्या मंडळींची मुलं दूरच्या डोंगरावरच्या शाळेत जात आणि तिथेच राहत. वर्षातून एकदा घरी येत. असा रिवाजच होता.

"इथल्या शाळेत काय वाईट आहे?" बाईंनी माझ्यावर हात ठेवूनच विचारलं.

"इथे शिकली तर उद्या आपल्या देशात जाऊन काय करील? आणि सगळ्यांचीच मुलं जातात. आपण ठेवून घेतली तर लोक म्हणतील, यांचा विश्वास डळमळला."

"विश्वास नाही हो डळमळत. लेक लांब जातेय."

पाद्रीबाबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्यांनाही ती लांब जायला नको असणार, पण त्यांनी ते चष्म्यावर निभावून नेलं.

मग मी रात्रंदिवस चालले. वाढतं अंग, आणि मापाला पोर वर्षभर हाताशी नाही. म्हणून बाईंनी प्रत्येक फ्रॉकच्या घेराला आतून तीन दुमडी घातल्या आणि त्यांवर टिपा मारल्या. एक निळा फ्रॉक तर त्यांनी तीनदा उसवून तीनदा शिवला. टीप बिघडली होती असं नाही. हात थांबवायचा नव्हता.

"फ्रॉक आखूड झाला की तिथल्या मावशींना सांगायचं. त्या एक दुमड उसवून देतील," बाईंनी समजावलं.

"मग पुन्हा आखूड झाला की?"

"दुसरी उसवायची. मग तिसरी."

"आणि तिन्ही संपल्या की?"

"तिन्ही संपल्या की तू घरी."

पोरीने तीन बोटं मोजली आणि मान डोलावली. मला तेव्हा वाटलं, किती शहाणी आहे.

ती गेली. काही आठवड्यांनी शाळेचे मुख्याध्यापक कामानिमित्त आमच्याकडे उतरले. जेवणं झाल्यावर ते मागच्या खोलीत बसून गप्पा मारू लागले. माणूस गमत्या होता.

"तुमची मुलगी म्हणजे वल्ली आहे," ते म्हणाले. "आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी फाटकाशी जाऊन उभी. निळ्या फ्रॉकच्या सगळ्या दुमडी उसवलेल्या. कात्री मुलांच्या हाती देत नाही आम्ही, तर हिने दातांनी उसवल्या. फ्रॉक धुळीत लोळतोय आणि ही म्हणते, संपल्या, आता आई न्यायला येईल."

ते हसले. पाद्रीबाबाही सवयीने हसले आणि मग बाईंकडे बघून चष्मा पुसू लागले. बाईंनी पाहुण्यांना पाणी हवंय का विचारलं. माझ्या टिपा पक्क्या असतात. त्या चिमुरड्या दातांना किती वेळ लागला असेल, याचा विचार मी आजवर टाळत आले आहे.

"पहिला आठवडा रडतात. मग छान रुळतात," जाताना मुख्याध्यापक म्हणाले.

ते खरं निघालं. वर्षाने दोरा घरी आली ती अगदी रुळून. निळ्या फ्रॉकच्या दुमडी कुणीतरी परक्या हाताने पांढऱ्या दोऱ्याने पुन्हा घातल्या होत्या. ती माझ्या पायट्यामागे आली नाही. खुर्चीवर ताठ बसली, आणि बाईंच्या हातात पेला दिसताच उठून म्हणाली, "आई, तुम्ही बसा. मी ठेवते."

तुम्ही! आईला! बाईंचा हात पेल्यावरच राहिला. शाळेतल्या मावशींशी बोलून बोलून जिभेला तेच वळण लागलेलं. बाईंनी तिला टोकलं नाही. टोकून 'तू' म्हणायला लावलं तर ते काय कामाचं, असं त्यांना वाटलं असेल.

पुढे धाकटा झाला, त्याच वाटेने गेला. पण बाईंनी स्वतःच्या मुलांच्या कपड्यांना पुन्हा दुमड घातली नाही. ढगळ शिवायच्या. वर्गातल्या बायकांना मात्र दुमडी शिकवत राहिल्या, कारण त्यांना ते हवं होतं. त्यांच्या मुली त्यांच्याजवळ होत्या.

वर्षं गेली. धाकटा तिसऱ्याच देशात नोकरीला लागला. पाद्रीबाबा इथल्याच मातीत गेले. बाईंच्या डोळ्यांना सुईचं नाक दिसेनासं झालं, तेव्हा दोरा आईला न्यायला आली. तिच्याही केसांत पांढरं आलेलं. दोघी खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर पायरीवर शेजारीण लेकीला पुढ्यात उभी करून तिच्या फ्रॉकची दुमड उसवत होती. मुलगी चुळबुळत होती, आई ओरडत होती, "हलू नकोस गं, टोचेल."

दोरा बघतच राहिली. बाईंना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. आयुष्यभर गिळलेलं त्यांनी त्या दिवशी विचारलं.

"तू फाटकाशी किती वेळ उभी होतीस गं?"

दोराला कुठलं फाटक ते विचारावं लागलं नाही.

"अंधार पडेपर्यंत. तू दिसलीस की पळत यायचं ठरवलं होतं. पण फ्रॉक पायात येत होता, म्हणून दोन्ही हातांनी वर धरून उभी होते."

ती 'तू' म्हणाली. बाईंनी ते ऐकलं. त्या उठल्या, चाचपडत माझ्यापाशी आल्या, आणि सुईत दोरा न ओवताच मला बराच वेळ नुसती चालवत राहिल्या. लेक त्यांच्या मागे उभी राहिली. तिने त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. मी जड, मला कोण नेणार. बाईंनी जाताना हीच चादर माझ्यावर घातली आणि कडा नीट खोचल्या. लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तशा.

तुमच्यापैकी कुणी या खोलीत आलंच, तर चादर काढा. थोडं तेल घाला, पट्टा घट्ट करा, मी अजून चालेन. मुलांचे कपडे घेऊन या. वाढत्या अंगासाठी दुमडीही घाला. फक्त त्या संपल्यावर काय होईल हे लेकराला सांगताना जपा. ते खरं धरून बसतं.