गंगम्माची साक्ष

सुज्ञ वाचकहो, नळदुर्गनजीक हमरस्त्यालगत असलेल्या एका बालगृहातील स्वयंपाकीण गंगम्मा हिच्या आयुष्यातील एका दिवसाचे कथन मी आपणांसमोर करणार आहे. त्या दिवशी सातासमुद्रापलीकडील दयावंतांनी तेथे काय केले आणि गंगम्माने काय केले, हे शांतचित्ताने वाचावे. मग दया कशास म्हणावी ते आपणच ठरवावे.

“मान खाली कर गं सोने. पावडर समदी पदरावर सांडली बघ.”

“अक्का, त्यांनी काय इचारलं तर?”

“इचारलं तेवढंच सांगायचं. चुलीवर हात भाजलेला तेवढा दाखवू नगंस.”

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात हिरवे लुगडे नेसून सोनाली बसली होती आणि गंगम्मा तिच्या वेणीत अबोली माळत होती. उमरग्याहून एसटीने पाहुणे निघाले होते. मुलगा बलभीम टायरच्या दुकानात कामाला, निर्व्यसनी. त्याची आई उमादेवी व चुलते गुरुलिंग आज मुलगी पाहणार होते. बालगृहातल्या मुलीला मागणी येणे ही काही नित्याची गोष्ट नव्हे. गंगम्माने सहा महिने शब्द टाकून टाकून हे स्थळ आणले होते. कढईत भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला परतून तयार होती.

इतक्यात व्यवस्थापक अमरनाथ आत शिरले. त्यांच्या हातात पिवळा टी-शर्ट होता व त्यावर इंग्रजीत काहीबाही छापलेले होते.

“सोनाली, हा घाल. अमेरिकेचे पाहुणे आलेत.”

“ते उद्या येणार हुते न्हवं?” गंगम्मा म्हणाली.

“त्यांना ताजमहाल बघायचाय. म्हणून एक दिवस अलीकडं ओढलंय.”

“सर, आज पोरगी बघायला येत्यात.”

“येऊ देत की. मागं खुर्च्या आहेत. पण साक्ष सोनालीच देणार. बाकीच्या पोरांचे आईबाप जिवंत आहेत, त्यांना रडता येत नाही.”

ही साक्ष म्हणजे काय, ते सांगणे प्राप्त आहे. दर हिवाळ्यात असा एक जथा येई. त्यांच्यासमोर सोनालीने उभे राहून आपली जन्मकथा सांगावयाची आणि अमरनाथांनी ती इंग्रजीत करावयाची. पहिल्या वर्षी तिची आई नुसती मेली होती. तेवढ्याने पाहुण्यांचे डोळे पुरेसे भिजले नाहीत. दुसऱ्या वर्षी अमरनाथांनी उकिरडा घातला आणि तिसऱ्या वर्षी कुत्री आणली. ज्या वृद्ध पाद्रीबाबांनी हे घर उभे केले, ते स्वतः खांद्यावरून पाणी वाहत आणि देवाचे नाव हळू आवाजात घेत. त्यांच्या पश्चात देवाला ध्वनिक्षेपक लागू लागला होता.

मांडवात वीस-बावीस वर्षांची ती गोरी मंडळी पिवळ्या सदऱ्यांत वावरत होती. दहा दिवसांची रजा काढून जगाचे दुःख पुसावयास निघालेले हे महात्मे! बालकाला उचलावे, छायाचित्र काढावे आणि त्याचे नाक वाहू लागताच खाली ठेवावे, असा त्यांच्या करुणेचा क्रम होता. मागील वर्षीच्या ताईचे नाव मुले अजून काढीत. त्या ताईला मात्र सोलापूर येईतो एकाही मुलाचे नाव आठवले असेल, असे मला वाटत नाही.

उमरग्याचे पाहुणे फाटकातून आत येताच त्या जथ्याच्या तांबड्या दाढीच्या म्होरक्याने धावत जाऊन गुरुलिंगांना मिठी मारली.

“आरं सोड! ह्यो कोण म्हणायचा, वैनी?” गुरुलिंग टोपी सावरीत ओरडले.

“मला काय ठावं? तुमचाच सोयरा दिसतोय,” उमादेवी म्हणाल्या. “गप बसा खुर्चीवर.”

मग सोनालीला पुढे उभे केले. हिरव्या लुगड्यावर तो पिवळा सदरा चढवलेला, अबोली गळ्याशी चेंगरलेली. तिने मागच्या खुर्च्यांकडे पाहिले आणि तिचे ओठ मिटले.

“बोल ना,” अमरनाथ ध्वनिक्षेपकातच म्हणाले. “मला उकिरड्यावर टाकलं होतं. म्हण! कुत्री ओढत होती. कुणाचं पाप होतं ते माहीत नाही. म्हण!”

सोनालीने सदऱ्याची कड मुठीत आवळून धरली. पण सारा मांडव ऐकून चुकला होता. गुरुलिंग उठले.

“चला वैनी. आपल्याला सांगितलं एक आन निघालं भलतंच.”

गंगम्मा मांडवाच्या खांबाशी उभी होती. तिच्या हातात झारा होता. हयातीत ती चार माणसांसमोर कधी बोलली नव्हती. व्यवस्थापकांसमोर तर डोक्यावरचा पदरही कधी ढळू दिला नव्हता. ती चालत पुढे गेली आणि अमरनाथांच्या हातातील ध्वनिक्षेपक तिने काढून घेतला.

“खोटं हाय ह्ये. हिची आय बाळंतपणात गेली. बाप रेवणप्पा, खाणीत दगुड फोडायचा. घरात बाईमाणूस न्हाय म्हणून त्यानं सोताच्या धोतरात गुंडाळून हिला माझ्या हातात दिली. माझ्या पाया पडला. मरस्तोवर दर अमुशाला लेकीला बघायला यायचा. उकिरडा कुठं आसंल तर ह्या सायबाच्या तोंडात हाय.”

तांबड्या दाढीवाल्याने सद्गदित होऊन विचारले, बाई काय म्हणतात? अमरनाथांनी रुमालाने कपाळ पुसले आणि इंग्रजीत सांगितले, की ही बाई म्हणते, तुम्ही देवदूत आहात.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका गोऱ्या मुलीने हुंदका देत गंगम्माला कवटाळले. गंगम्मा झारा उंच धरून उभी राहिली, तिला तेल लागू नये म्हणून.

गुरुलिंग फाटकाकडे वळले होते. परंतु उमादेवी स्वयंपाकघराकडे गेल्या व पाटावर बसल्या. सोनालीला घेऊन गंगम्माही मागोमाग आली.

“सुशीला केलीया म्हनं. आणा की.” दोन घास झाल्यावर त्यांनी विचारले, “बाप यायचा तवा लेकीला काय आणायचा?”

“शेंगा. खिशातनं, मूठभर.”

उमादेवींनी बशी खाली ठेवली. नंतर त्यांनी सोनालीला जवळ ओढले. “हे पिवळं काढ आधी अंगातलं,” म्हणाल्या आणि कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवले. सोनालीच्या कपाळी टिळा लावून त्या गंगम्माकडे वळल्या. “लग्नात आईच्या जागी तुमी बसायचं. भावजींची समजूत मी घालते.”

सायंकाळी अमरनाथ उंबऱ्यापाशी आले. आत पाऊल न टाकताच म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

“बरं,” गंगम्मा म्हणाली. “आजची डाळ चुलीवर हाय.”

बाहेर पाहुण्यांची गाडी आग्र्याच्या वाटेला लागली होती आणि फाटकाशी मुले रडत होती. सोनालीने काढलेला तो पिवळा सदरा ओट्यावर पडला होता. गंगम्माने त्याची चौपदरी घडी घातली, त्या घडीने पातेले दोन्ही कडांना धरले आणि खाली उतरवले.

“चला रं लेकरांनो,” तिने हाक मारली. “गरम हाय तंवर.”

येथवर माझ्यासोबत आलात, आपला अमूल्य वेळ एका स्वयंपाकिणीच्या चुलीपाशी घालवलात, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
शांतलिंग गुरप्पा बिराजदार
मु. पो. जळकोट, ता. तुळजापूर, जि. धाराशिव